पान एकेचाळीस

माशेलच्या जत्रेत यंदा विलायती नाटक.
व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं,
जिथे माणसं खोटं बोलण्याआधी हातमोजे काढतात
आणि खरं अगदीच तोंडाशी आलं तर
हवापाण्याचा विषय काढतात.

पर्वतकर मास्तरांनी ते मराठीत आणलं
आणि फलकावर रंगवलं, 'स्वतंत्र सामाजिक प्रहसन'.
मी विचारलं, तर म्हणाले,
'प्रामाणिकपणा हा विषय आहे रे, अट नव्हे.'

कोट कायतान शिंप्याने शिवला,
बँडवाल्या मेव्हण्याच्या काळ्या सुटाला शेपटी जोडून.
लेडी हॅरिएट झाली सोसायटीतली कॅशियर, कुमुदिनी धुमे.
तालमींपायी तिने घरी
तीन मैत्रिणी आजारी पाडल्या,
पैकी एक दगावली.
लंडनचं धुकं देवळातल्या धुपाटण्यातून यायचं,
त्यामुळे साहेबलोकांच्या दिवाणखान्याला
अंकभर गुग्गुळाचा वास.

मी प्रॉम्प्टर.
विंगेत सोड्याच्या उपड्या खोक्यावर,
मांडीवर दोनशेपानी वही, मुठीत टॉर्च.
बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजतोय.
माझं असं एकही बोललो नाही,
तेव्हा मला खोटारडा कुणी म्हणू नये.
खरा म्हणायचंही तसं कारण नाही.

सर जेरल्ड म्हणजे आमचा सगुण.
सुट्टीवर आलेला, जहाजावरचा ऑफिसर.
मनगटाला जड घड्याळ, वाड्यावरच्या पोरांना चॉकलेटं,
आणि घरात तो फोटो: मागे निळं पाणी, डोक्यावर टोपी.
टोपी फोटोपुरती मागून घेतलेली,
हे त्यानेच सांगितलं होतं मला,
काजूच्या हंगामात, तिसऱ्या ग्लासाला.
'ताटं विसळतो रे. रोज दोन हजार.'
आणि लगेच शपथ घातली.
मी घेतली. मला काय, पाठांतराची सवय.

दुसऱ्या रांगेत डिचोलीचे पाहुणे.
मुलीचा बाप, दोन मामा,
मधोमध सुलक्षा,
मांडीवर खाज्यांची पुडी, दोरा न सोडलेली.
साखरपुडा पंधरा दिवसांवर.

दुसरा अंक. लेडी हॅरिएट पंखा मिटते.
'आणि आपलं उत्पन्न, सर जेरल्ड?'

सगुण थांबला.
डोळ्यांत तो कोरा कागद, जो मी लांबून ओळखतो.
केसांतून हात फिरवला, ही आमची खूण,
आणि मान माझ्याकडे किंचित कलली.

वहीत होतं:
'केंटात बाराशे एकर, बाईसाहेब. शिवाय मावशी आजारी आहे.'
मी वाचलं. नीट वाचलं.
आणि तोंडातून गेलं,
'बोटीवर ताटं विसळतो.'

अर्थ कळायच्या आत त्याने ते उचललं,
छातीवर हात ठेवून, पार शेवटच्या रांगेपर्यंत:
'बाईसाहेब, मी बोटीवर ताटं विसळतो! रोज दोन हजार!'
दोन हजार त्याने स्वतःचे घातले.

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी.
मुलीच्या बापाने मामाच्या पाठीत थाप दिली,
'काय बेमालूम फेकतो जावई!'
मास्तर धावत विंगेत, माझ्या कानाशी:
'हे वाक्य राहू दे. माझंच आहे.'

सगुणने काही विचारलं नाही.
मीच आपणहून सांगितलं, टॉर्च गेली होती.
सेल आदल्या दिवशीच बदललेले.

पहाटे पडदे उतरवताना ती आली,
एकटी, पुडी तशीच बांधलेली.
'वही बघू.'
एकेचाळिसाव्या पानावर बोट ठेवून
ओळ न् ओळ खाली गेली.
केंट. बाराशे एकर. मावशी.
मग पुन्हा वरून.

मी टॉर्च धरून उभा.
उजेड हलू नये म्हणून
दोन्ही हातांनी.